पाच पूर्णांक दोन

आईची शुगर पाच पूर्णांक दोन आहे, हे विजयमालाने त्या उन्हाळ्यात किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. शेजारणीला सांगितलं, नणंदेला सांगितलं, माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला. सात रस्त्याजवळच्या ज्या लॅबमध्ये ती अकरा वर्षं टेक्निशियन होती, तिथे तर येणाऱ्या प्रत्येक मधुमेही माणसाला ती आईचा दाखला द्यायची. "माझी आई बघा. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडली, शाळेचं तोंड बघितलं नाही. पण गोळी एक दिवस चुकवत नाही. आठ पूर्णांक नऊवरून पाच पूर्णांक दोनवर आली!" पेशंट मान डोलवायचे आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईच्या नावाने बोटं मोडत घरी जायचे.

आकडा खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. यंत्र चांगलं होतं, नळीवर नाव बरोबर होतं, रक्त आईचंच, मायाक्काचंच होतं. विजयमालाच्या हातून कधी एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं आणि त्याचा तिला भरपूर ताठा होता. फक्त एक गोष्ट त्या आकड्याशी जुळत नव्हती. मायाक्काच्या डाव्या चवड्याची जखम तीन महिने झाले तरी भरत नव्हती.

जखम तरी कसली? शुगर निघाल्यापासून ती लेकीकडेच राहायची; मधे गावी गेली असताना बाभळीचा काटा मोडला होता. मंगळवेढ्याकडच्या त्या माळावर काटा टोचला म्हणून कुणी दिवस मोजत नाही. पण मायाक्काला तो टोचलेला कळलाच नाही. चार दिवसांनी ज्ञानबाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, घोंगडीवर डाग दिसला तेव्हा पायाकडे लक्ष गेलं. तोवर आत पू झाला होता. लेकीने तिला परत जुळे सोलापुरातल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि रोज स्वतः पट्टी करायला घेतली. जखम वरून सुकल्यासारखी व्हायची, आतून पुन्हा ओली व्हायची.

पायाच्या डॉक्टरांकडे दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "शुगर कशी आहे?"

"तीन महिन्यांची पाच पूर्णांक दोन," विजयमाला म्हणाली. म्हणताना थोडी ताठ बसली.

"वा! मग भरेल की. वेळ लागतो या वयात."

दर पंधरा दिवसांनी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. आकडा ऐकला की डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जायची. पुढचं कुणी काही विचारायचं नाही.

आता ही तीन महिन्यांची शुगर म्हणजे काय, ते विजयमाला शंभर वेळा लोकांना समजावून सांगायची. रक्तात तांबड्या पेशी असतात. एकेक पेशी चार महिने जगते. तेवढे दिवस ती रक्तातून फिरते आणि फिरता फिरता तिला साखर चिकटत जाते. किती चिकटली ते मोजलं की मागच्या तीन महिन्यांचा सगळा कारभार उघडा पडतो. "एक दिवस पथ्य पाळून यंत्राला फसवता येत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. ते खरंही होतं. माणूस यंत्राला फसवू शकत नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं, रक्त फसवू शकत नाही असं नव्हे; हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा डॉ. रेवणसिद्धांनी एक छोटी पांढरी गोळी दिली. जुनी गोळी, हजारो लोक खातात, हजारोंना गुण येतो. सोबत तपासण्या लिहून दिल्या: उपाशी पोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची. पहिल्याच खेपेला मायाक्का वैतागली.

"भाकरी खायाच्या आदी रगत, भाकरी खाल्ल्यावर रगत. मग मदी भाकरी तरी कशाला खायाची म्हन्ते मी?"

लेक हसली. लेक लॅबमध्ये असताना आईने उपाशी कशाला बसायचं? तिने मनाशी ठरवून टाकलं की दोन तपासण्यांची कटकट नको, सगळ्यांत शहाणी तपासणी आपल्या हातात आहे, तेवढी करू. मग दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी मायाक्का दाराच्या उंबऱ्यावर बसायची, हात पुढे करायची आणि विजयमाला जांभळ्या टोपणाची एक नळी भरून घ्यायची. सोमवारी ती यंत्रात जायची. आठ पूर्णांक नऊ, मग सात पूर्णांक एक, मग सहा पूर्णांक दोन, पाच पूर्णांक सहा, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी पाच पूर्णांक दोनच्या आसपास. डॉ. रेवणसिद्ध म्हणाले, "मुलगी असावी तर अशी." हे वाक्य विजयमालाने नवऱ्यालाही ऐकवलं.

आई थकत चालली होती, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. जिना चढताना मायाक्का मधल्या पायरीवर बसायची. रात्री चार चार वेळा उठायची. तांबेच्या तांबे पाणी प्यायची. पण प्रत्येक गोष्टीला विजयमालाकडे उत्तर होतं. दम लागतो, कारण वय झालं. तहान लागते, तर सोलापूरच्या उन्हात ती कुणाला लागत नाही? चेहरा पिवळट दिसतो, कारण ऊन नाही, माळ नाही, चार भिंतींत बसून आहे. आकडा पाच पूर्णांक दोन असताना शुगरचं नाव काढायचं कारणच नव्हतं.

मे महिन्यात एका मंगळवारी ज्ञानबा आला. डोक्याला फेटा, हातात बायकोसाठी हुलग्याच्या माडग्याचं पीठ भरलेली पिशवी. पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ मायाक्कासमोर उकिडवा बसला. तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली.

बाजारात मेंढरू घेताना तो असंच करायचा. आधी ओठ उचलून दात, मग पापणी. आतली कातडी लाल असली तर मेंढरू धडधाकट. पांढरी असली तर मेंढराच्या पोटात जंत, ते त्याचं रक्त पितात आणि वरून लोकर कितीही दाट दिसली तरी आठ दिवसांत आडवं होतं. सांगोल्याच्या बाजारात ज्ञानबाने पापणी बघून नको म्हटलं की गिऱ्हाईक पाठ फिरवायचं.

"विजे," तो म्हणाला, "हिच्या अंगात रगत न्हाय."

"आबा!"

"बग की. धुतल्या चिंधीवानी पांढरं हाय. जंताचं औशिद दिलं का न्हाय हिला?"

विजयमालाला राग आला. तो आला तसा तिने बाहेर काढला. "आबा, ती काय मेंढरू हाय का? अकरा वर्षं रक्ताचंच काम करते मी. रोज दोनशे नळ्या जातात माझ्या हातून. तुमी मला पापणी बघून सांगताय?"

"आगं, म्या बी चाळीस वर्सं—"

"तिची शुगर पाच पूर्णांक दोन हाय! एवढी कमी तर माझी पण न्हाय."

मायाक्का दोघांच्या मध्ये पापणी चोळत बसली होती. तिला हसू येत होतं. "ऱ्हाऊ द्या की वो. पोरगी शिकल्याली हाय. तुमच्या हाताला लागलं की मानूस बी बाजारात हुबं केल्यागत हुतंय." ज्ञानबा उठून बाजूला बसला. लेकीच्या घरी लेकीपुढे त्याचा आवाज तसाही लहान व्हायचा. दुपारी भाकरी खाऊन तो मंगळवेढ्याच्या एसटीने परत गेला. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "एकडाव बगून घे की बाय." विजयमालाने हो म्हटलं आणि बघितलं नाही.

बघायला काय लागलं असतं? हे तिला पुढे फार छळणार होतं. जांभळ्या टोपणाच्या त्याच नळीतून अंगात रक्त किती आहे तेही निघतं. त्यासाठी दुसरी सुई नको, दुसरी नळी नको. ते यंत्र पहिल्या यंत्रापासून दोन पावलांवर होतं. नळी उचलायची, दोन पावलं जायचं, बटण दाबायचं, एक मिनिट थांबायचं. पण लिहून दिलेलीच तपासणी करायची, ही लॅबची शिस्त आणि ती विजयमालाच्या हाडात मुरलेली. दोन वर्षांत आठ वेळा आईची नळी तिच्या हातात आली आणि आठही वेळा ती दोन पावलं अलीकडे थांबली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पट्टी सोडताना वास आला. करंगळीच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. मायाक्काला काहीच दुखत नव्हतं. "कसला वास येतोय गं?" तिनेच विचारलं.

मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तासाभरात वॉर्डातल्या डॉक्टरीण बाईंनी विजयमालाला बाहेर बोलावलं. हातात कागद होता. "पेशंटचं हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ आहे. शुगर चारशे बारा. तुम्ही घरी काही बघत नव्हता का?"

"नाही हो," विजयमाला म्हणाली, "नळी बदलली असेल. माझ्या आईची पाच पूर्णांक दोन आहे. परवाच मी स्वतः केलीय."

दुसऱ्याच्या हातून नळी बदलते, यावर तिचा लगेच विश्वास बसला. ती रिक्षाने लॅबमध्ये आली. जुन्या नळ्या आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतात. आईची नळी होती तिथेच होती, तिच्याच अक्षरात नाव लिहिलेली. तिने ती हातात घेतली, हलवली आणि दोन पावलं पुढे जाऊन दुसऱ्या यंत्राला लावली. मिनिटभराने पडद्यावर आकडा आला. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक शून्य. ती नळी तशीच घेऊन आतल्या खोलीत गेली.

लॅबच्या डॉक्टर शिवलीला मॅडमनी काचेवर रक्ताचा थेंब पसरला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "ये, बघ." विजयमालाने डोळा लावला. सगळीकडे मोठ्या, निळसर, कोवळ्या पेशी. नुकत्या जन्मलेल्या.

"म्हाताऱ्या पेशी कुठंयत?" मॅडमनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "म्हाताऱ्या होईपर्यंत जगतच नाहीत. काही माणसांच्या पेशी जन्मतःच नाजूक असतात. एरवी कळतही नाही. त्यांना ही असली गोळी क्वचित बाधते. क्वचित म्हणजे फारच क्वचित, विजयमाला. जुनी पेशी आधी फुटते, तिला दम धरवत नाही. चार महिने जगायची ती महिन्यात जाते. मग साखर चिकटणार कुणाला? जिला चिकटली ती मेली. तू मोजलीस ती कालची पोरं."

"म्हणजे आकडा…"

"आकडा बरोबर होता. शुगर खाली आली नव्हती. पेशी मरत होत्या."

मॅडमच्या बोलण्यात दोष नव्हता. गोळीचंच आहे की आणखी कशाचं, याची शंभर टक्के खात्री त्यांनाही नव्हती. गोळी थांबवून बघायची, इन्सुलिन चालू करायचं, रक्त चढवायचं. विजयमालाला वाटलं, मॅडमनी आपल्याला खडसावावं. चार माणसांत बोलावं, नोकरीवरून काढावं. मॅडमनी चहा मागवला.

संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ज्ञानबा बसला होता. विजयमालाने त्याला सगळं सांगितलं, मॅडमनी सांगितलं तसं, जमेल तेवढं सोपं करून. सांगताना तिला वाटत होतं, आता हा म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणू दे. म्हटलं तर बरं होईल.

ज्ञानबाने फेटा काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजी असं झालं म्हन की, कळपातली सादाती, जुनी मेंढरं मरत हुती, आन तू दुदाच्या दातांची कोकरं मोजून म्हनत हुतीस, कळप झ्याक हाय."

अकरा वर्षं नळ्या फिरवलेल्या बाईला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिला रडू फुटलं. ज्ञानबाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला तरी काय ठावं बाय," तो म्हणाला. "दिसाय कोकरंच दिसली तर मानूस कोकरंच मोजनार." यात क्षमा होती आणि तिला ती नको होती.

पांढरी गोळी बंद झाली. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. इन्सुलिनने चौथ्या दिवशी शुगर दोनशेवर आली. सगळं आता कळलं होतं, सगळ्यावर इलाज चालू होता आणि पाय काळा पडतच चालला होता. बोटांवरून चवड्यावर, चवड्यावरून घोट्याकडे. विजयमाला सकाळी पेनाने कडेला रेघ मारायची. संध्याकाळी काळेपणा रेघेच्या पुढे गेलेला असायचा.

"चार दिवस थांबलं तर?" तिने सर्जनना विचारलं. "आता गोळी बंद केलीय. रक्त वाढतंय. शुगर उतरतेय. कारण सापडलंय, डॉक्टर."

"कारण सापडलं ते चांगलंच झालं," सर्जन म्हणाले. ते तिच्याशी सौम्यपणे बोलत होते, कारण ती लॅबमधली होती. "पण पायाला ते आता कळणार नाही. गुडघ्याखाली घेतला तर गुडघा वाचेल. थांबलात तर तोही जाईल."

मायाक्काला कुणी सांगायचं यावर बापलेकीत बोलणं झालंच नाही. दोघंही तिच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. मायाक्काने दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाली, "काडनार व्हय?" ज्ञानबाने मान हलवली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "काडा. पर माझ्या पोरीला बोलू नका कुनी." कागदावर विजयमालाने सही केली. नातं या रकान्यात मुलगी असं लिहिलं.

पाय गेला. घरी आली तेव्हा मायाक्काला कुबड्या नको वाटायच्या. ती खाटेवर बसून राहायची आणि ज्ञानबा आणून देई ती लोकर हातात घेऊन नुसतीच पिंजायची. मात्र जिना आणि माळ सोडला तर बाई सुधारत होती, हे कुणालाही दिसत होतं. गाल भरले, ओठांना रंग आला, बोलण्यात दम लागेना. हिमोग्लोबिन आठवर गेलं, मग साडेनऊवर, मग अकराच्या जवळ. विजयमाला आता दर पंधरा दिवसांनी दोन्ही यंत्रांवर नळी लावायची. बोटातलं रक्त घेऊन रोज साखर बघायची. जे आधी करायचं ते सगळं ती आता करत होती.

ऑक्टोबरमध्ये चार महिने झाले. म्हणजे गोळी बंद केल्यावर जन्मलेल्या पेशी आता म्हाताऱ्या झाल्या असणार. तिने तीन महिन्यांची शुगर लावली. आकडा आला, आठ पूर्णांक सात.

वाईट आकडा. इन्सुलिन अजून वाढवायला हवं, हा त्याचा अर्थ. पण विजयमाला त्या कागदाकडे बघत राहिली आणि तिला जवळजवळ आनंद झाला. आईच्या अंगात पेशी चार महिने जगल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा आकडा खरं बोलत होता. आईपासून आता काही लपवायचं नाही, हे तिने शस्त्रक्रियेच्या दिवशीच ठरवलं होतं. रिपोर्ट पर्समध्ये घालून ती घरी आली. आज कसं सांगायचं, त्याची तिने रिक्षात तालीमच केली.

मायाक्का खाटेवर होती. ज्ञानबाही आला होता, खाली भिंतीला टेकून बसला होता.

"आये, रिपोर्ट आलाय."

"किती?"

"आठ पूर्णांक सात."

मायाक्काला वाचता येत नव्हतं, पण हे आकडे तिला पाठ होते. पाच म्हणजे लेक खूश, सात म्हणजे बरं, आठ म्हणजे सुरुवातीला होतं ते. दोन वर्षं लेकीने घोकून घेतलं होतं. तिचा चेहरा एकदम उतरला. हातातली लोकर खाली पडली.

"आन बिरुबाची विजे," ती शपथेसाठी गळा चिमटीत धरून म्हणाली, "म्या काय खाल्लं न्हाय. गुळाचा खडा बी तोंडात घातला न्हाय. इचार ह्यास्नी."

"आये, तसं न्हाय गं. हा आकडा चांगला हाय. म्हणजे वाईट हाय, पण खरा हाय. आता तुझ्या पेशी जगायला लागल्यात—"

"सुई बी रोज घेती. कंदी न्हाय म्हनली का?"

"न्हाय म्हणलीस गं. तुझी काहीच चूक न्हाय. चूक माझी हुती, तवा आकडा कमी यायचा कारण…"

विजयमाला थांबली. आई ऐकत नव्हती. ज्ञानबाने तोंड उघडलं, मेंढरांचं काहीतरी सांगणार होता, पण बायकोकडे बघून त्यानेही ते मिटलं. मायाक्का लेकीच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. पाच पूर्णांक दोन असताना एक पाय गेला होता आणि आता तर आठाच्या वर झालं होतं. एवढा हिशोब तिला येत होता.

तिने उरलेला पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि हळूच विचारलं, "मग ह्यो कंदी काडनार?"